त्या दिवशी नदीला पूर नव्हता

ऑगस्ट आला की बहारीनमध्ये चष्मा हा आपला वैरी होतो. गाडीतून पाय बाहेर टाकला रे टाकला की काचांवर वाफ धरते, आणि मग दहा पावलं चाचपडत जायचं, समोर भिंत आहे की शेजारीण ते कळत नाही. नळाचं गार पाणी चटके देतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. हे गावी सांगितलं तर लोक म्हणतात, हिच्या डोक्यावर ऊन चढलं. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, अर्धं उम्म अल हस्सम, म्हणजे आमची वस्ती, लीव्ह घेऊन आपापल्या गावी गेलेलं असतं. जिन्यात कुणाच्या फोडणीचा वास येत नाही. खालचा कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला वाणी, दूध देता देता दर वर्षी तेच विचारतो, "भाभी, आप नहीं गया?" मी म्हणते, नहीं गया. तो म्हणतो, इंशाल्ला अगले साल. झालं आमचं संभाषण.

या दिवसांत एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, ती म्हणजे रुतब. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी, झाडावरून नुकता उतरवलेला ओला खजूर. पिवळ्या बाजूनं कच्च्या पेरूसारखा कचकन लागतो आणि तपकिरी बाजू जिभेवर विरघळते. सनद गावाच्या रस्त्याला एक म्हातारा शेतकरी डबे मांडून बसतो. मी भाव विचारते, तो आधी एक खजूर हातावर ठेवतो आणि म्हणतो, खा, मग बोल. ही रीत मला फार पटते. आधी खायला घाला, मग काय ते बोला. माझ्या माहेरीही असंच होतं.

तर काल असाच डबा घेऊन घरी आले आणि फोन बघितला. दादाचा मेसेज. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडे शाळेत मास्तर होता, आता निवृत्त झालाय आणि सगळ्या गावाचं शुद्धलेखन तपासतो. गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय आणि त्यात तो आमच्या अप्पांवर लेख देतोय. "बायो, नजर टाक. शुक्रवारी छापखान्यात जायचंय. खाडाखोड करायला अप्पांचीच लेक हवी."

लेख चांगला होता. दादा जरा अलंकारिक लिहितो, पण अप्पा दिसत होते. आमचे अप्पा तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, बक्षीसपत्रं लिहून देत. मी कौतुकानं वाचत वाचत शेवटच्या परिच्छेदाला आले. तिथे लिहिलं होतं:

"अप्पा गेले तेव्हा त्यांची लाडकी लेक बहारीनला होती. तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी अडकलेला. तिची वाट पाहत आम्ही अप्पांना एक दिवस ठेवले. पासपोर्ट काही सुटला नाही. बापाचे अखेरचे दर्शन लेकीला नाकारणाऱ्या त्या परक्या कायद्याला काय म्हणावे?"

बिचाऱ्या परक्या कायद्यानं कुणाला काही नाकारलं नव्हतं. पासपोर्ट माझ्या कपाटात होता, लग्नातल्या पैठणीखाली. नऊ वर्षं झाली. हे माझ्या नवऱ्याशिवाय आणि रूथबाईंशिवाय (त्यांचं पुढे येईलच) कुणालाही ठाऊक नाही, आणि आता शुक्रवारी ते खोटं छापून येणार, तेही अप्पांच्या नावाखाली.

का केलं असं, असं कुणी विचारलं तर सांगायला मोठं कारण नाही. मार्च होता. लेकीची दहावीची परीक्षा चालू होती. अप्पा आधी दोनदा असेच अत्यवस्थ झाले होते, दोन्ही वेळा मी धावत गेले आणि दोन्ही वेळा अप्पा उठून बसले, वर मलाच म्हणाले, "कशाला आलीस गो पोरीला टाकून?" तिसऱ्यांदा दादाचा फोन आला, "ये." मी दमले होते. खरंच सांगते, नुसती दमले होते. म्हटलं, चार दिवसांनी पेपर संपतात, मग जाऊ. पण दादाला असं कसं सांगणार? म्हणून बोलून गेले, "पासपोर्ट कंपनीत जमा आहे रे, व्हिसा रिन्यूला गेलाय." आखातात राहणाऱ्या माणसाच्या जिभेवर हे वाक्य तयारच असतं. नको असलेलं लग्न असो, बारसं असो, व्हिसा पुढे करायचा. गावाकडच्यांना त्यातलं काही कळत नाही आणि कुणी उलट विचारतही नाही.

दोन दिवसांनी पहाटे अप्पा गेले. संध्याकाळचं विमान होतं. मला जाता आलं असतं. पण गेले असते तर पासपोर्ट कसा सुटला ते सांगावं लागलं असतं. अप्पा गेल्याचं कळून तासही झाला नव्हता आणि मी हा विचार करत होते, याची मला आजही लाज वाटते. दादा फोनवर म्हणाला, "उद्या मिळेल का गो? थांबू आम्ही." आणि मी म्हटलं, "इंशाल्ला, उद्या." मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, नाही मिळाला. दादा रडत रडत मलाच समजावत होता, "तुझा काय दोष बायो, तू जेव दोन घास."

या सगळ्यात अमेरिकेचे एक वकीलसाहेबही आहेत, ते कुठून आले ते सांगते. त्यासाठी चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात जायला हवं.

रूथबाई जनाबियाला एका कंपाउंडमध्ये राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, गुडघे कामातून गेलेले, बोलणं फटकळ. चाळीस वर्षं इथे इंग्रजी शिकवलं, नवरा इथेच वारला, आणि आता कायमच्या अमेरिकेला परत निघाल्या होत्या. मी तेव्हा एका शाळेच्या वार्षिक अंकाची टायपिंग आणि प्रूफं करायची. तिथल्या एका डॉक्टर पालकांचा हस्तलिखित लेख मी घडाघडा वाचून दाखवला, तो शाळेत आलेल्या रूथबाईंनी ऐकला. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मला जुनं अक्षर वाचणारी बाई हवी आहे."

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. त्यात त्यांच्या खापरपणजोबांच्या कच्च्या वह्या होत्या. हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकातले, अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या छोट्या गावातले वकील. सप्टेंबरात तिकडे सगळं गोत जमणार होतं आणि त्यांच्या पत्रांचं पुस्तक तिथे वाटायचं होतं. मला ते अक्षर जड गेलं नाही. लहानपणी अप्पांच्या टेबलाशेजारी बसून मी ब्रिटिश अमदानीतले निवाडे वाचत मोठी झाले होते, तशाच शेपट्यांचे 'वाय' आणि 'जी', तशीच फिकट तपकिरी शाई.

तो सबंध महिना मी रोज सकाळी जनाबियाला जायची. कंपाउंडच्या फाटकापासून बाईंच्या दारापर्यंत बोगनवेल होती, आणि त्या दमट हवेत तिला एकटीलाच काय तो उत्साह. आत एसी इतका गार की मी शाल घेऊन बसायची. चहा व्हायचा, बाई म्हणायच्या, "यल्ला, उठवू या वकीलसाहेबांना," आणि आम्ही पेटी उघडायचो.

आणि खरंच सांगते, मला तो माणूस फार आवडला. शेतकऱ्याचा पोर, दुसऱ्या वकिलाच्या कचेरीत कागद उतरवून उतरवून कायदा शिकलेला. धान्याच्या दुकानावर माडीवर त्याची कचेरी. अशिलांनी दिलेली कोंबडी, भोपळे, एकदा तर एक आजारी गाढव. मग गावच्या नगरसभेत निवडून आला आणि पाच वर्षं एकाच ठरावासाठी भांडला, तो म्हणजे डुकरं रस्त्यावर मोकळी सोडू नयेत. विरोधी पक्षाचं म्हणणं, डुकरं मोकळी असणं हा नागरिकांचा हक्क आहे! मी हसून हसून बेजार. आमच्या ग्रामपंचायतीत कोंडवाड्यावरून असंच चालायचं, आणि डुकरांच्या जागी गुरं घातली की भाषणं शब्द न् शब्द तीच. बाईंना मी आमच्या सरपंचाची नक्कल करून दाखवली, तर त्यांनी वकीलसाहेबांच्या विरोधकाची करून दाखवली. गावकी कुठेही जा, सारखीच.

हा मनुष्य आपल्या थोरल्या बहिणीला दर आठवड्याला पत्र लिहायचा. ती दूर पूर्वेकडे, म्हातारपणापर्यंत त्यांची गाठ चार-पाच वेळाच पडली असेल. वकील असल्यामुळे पत्राचाही आधी कच्चा मसुदा, तो वहीत. खाली सही, वर खाडाखोड. पूल बांधायचाय, शाळेला छप्पर नाही, बायकोला खोकला आहे, या वेळी नगरसभेचं अध्यक्षपद मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी बरं, असं लिहून 'तरी बरं' खोडलेलं. मला त्याची दया यायची. इतकं हवं असताना नको म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत.

रूथबाईंच्या दिवाणखान्यात वकीलसाहेबांचं चित्र होतं. फुगलेल्या नदीत घोडा घातलेला, टोपीत कोर्टाचे कागद खोचलेले. घराण्याची ही मानाची कथा. एका विधवा धोबिणीचं घर तिचा दीर गिळू पाहत होता. (दीर! तिथेही दीरच!) वकीलसाहेबांनी तिची केस घेतली. कोर्ट दुसऱ्या गावात, मधे नदी. तारखेच्या दिवशी नदीला पूर, साहेब अर्ध्या वाटेतून परतले. दुसऱ्या दिवशी जिवावर उदार होऊन पाण्यात घोडा घालून गेले, पण निकाल एकतर्फी लागून चुकला होता. त्यानंतर ती बाई जिवंत असेतो दर हिवाळ्यात तिच्या दारात जळाऊ लाकडं पोहोचवली, न चुकता. हे चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येणार होतं. बाईंच्या नातवंडांना ही गोष्ट झोपताना सांगतात म्हणे.

आता माझी चूक. अप्पांच्या हाताखाली मी एक गोष्ट शिकले होते. दस्ताची नक्कल करताना खोडलेला शब्दसुद्धा उतरवायचा, त्यावर रेघ मारायची, आणि शेवटी लिहायचं, वर अमुक ठिकाणी खाडाखोड आहे, ती कबूल. खोडलेलं गाळून नक्कल केली तर अप्पा कागद फाडून टाकत. म्हणायचे, "तू कोण गाळणारी?" तर मी वकीलसाहेबांच्या सगळ्या खोडलेल्या ओळीही रेघेसकट टाइप करत गेले. बाईंना ते हवंय की नको, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आमच्यात असंच करतात.

आणि नक्कल झाली की रुजुवात. एकानं मूळ धरायचं, दुसऱ्यानं नक्कल मोठ्यानं वाचायची. बाईंची नजर अधू, म्हणून मी ठसठशीत अक्षरात छापून आणायची आणि त्या वाचायच्या, मास्तरीण असल्यामुळे खणखणीत आवाजात. रेघ मारलेली आहे हे त्यांना दिसायचं नाही. पंधरा-वीस पानं अशी मजेत गेली. मग पुराचं पत्र आलं.

बाई वाचत होत्या, "प्रिय भगिनी, मी तारखेला पोचू शकलो नाही. रस्ता कोरडा होता. नदी गुडघ्याइतकी होती. मी सभेला थांबलो, कारण मी नसतो तर अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं असतं. नदीला मोठा पूर आला होता."

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं, हळू.

"हे कुणी लिहिलं?"

"त्यांनीच. मग मधलं खोडलं."

"पुढे वाच. तू वाच."

मी मूळ वहीतून वाचलं. पुढच्याही दोन ओळी खोडलेल्या होत्या. "ती कोर्टाच्या पायऱ्यांवर दिवे लागेपर्यंत बसून होती. मी पुराचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, पाण्यात तुम्हाला काही लागलं तर नाही ना?"

रूथबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं रडतील, पण त्या भडकल्या. "खोडलेलं तू टाइप का केलंस? त्याला ते सांगायचं नव्हतं!" मी म्हटलं, आमच्यात उतरवतात. "तुमच्यात!" बाई म्हणाल्या, आणि मला घरी जायला सांगितलं. बाहेर आले, चष्म्यावर वाफ, डोळ्यांत पाणी, गाडी सापडेना. आणि खरं म्हणजे मी बाईंसाठी रडत नव्हते. तुझा काय दोष बायो, तू जेव दोन घास. माझ्या कानात ते घुमत होतं. त्यांच्याकडे नदी होती, माझ्याकडे व्हिसा होता, एवढाच काय तो फरक. आणि लाकडं? मी दर वर्षी दादाला खजूर पाठवते, अत्तर पाठवते, वहिनीला मिक्सर पाठवला, भाच्याला फोन. सगळी वाडी म्हणते, बहीण असावी तर अशी.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी बाईंचा फोन, "ये. चहा केलाय." गेले तर चित्र भिंतीवरून उतरवून जमिनीवर टेकवून ठेवलेलं. म्हणाल्या, "आयुष्यभर याच्याखाली बसून जेवले. भाचा म्हणतो, त्या ओळी गाळ, मेलेल्या माणसाला कशाला छळतेस. पण ती बाई पायऱ्यांवर बसली होती ना? तिचं नावसुद्धा आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. तिला तरी पुस्तकात बसू दे." ओळी ठेवायच्या ठरल्या, रेघेसकट.

"तुमचा राग गेला त्यांच्यावरचा?" मी विचारलं.

"राग? छे. आधी तो चित्रातला होता. आता घरातला वाटतो."

मग माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कपाट, पैठणी, इंशाल्ला उद्या. रूथबाईंनी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "भावाला सांगितलंस?" मी नाही अशी मान हलवली. "मी काही उपदेश करणार नाही," त्या म्हणाल्या, "मला माझ्या गुडघ्यांचंच ओझं पुष्कळ आहे." आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

सप्टेंबरात त्या गेल्या. पुस्तक कुरियरनं आलं. त्या पानावर खरंच शब्दांवरून आडवी रेघ छापली आहे आणि तरी सगळं वाचता येतं. मी ते दहा वेळा वाचलं. आणि केलं काय? दादाला खजुराचे दोन डबे जास्त पाठवले.

माणूस फार चिवट असतो हो. मला वाटायचं, इतक्या वर्षांनी सांगून कुणाचं भलं होणार? दादा शांत आहे, वहिनी प्रेमानं वागते, आपण कशाला जुनी खपली काढायची. ही सगळी वाक्यं मी दर ऑगस्टात स्वतःला ऐकवते. ती ऐकायला अगदी शहाणपणाची वाटतात. वकीलसाहेबही स्वतःला असंच काहीतरी ऐकवत असणार, लाकडं गाडीत भरताना.

पण त्यांची थोरली बहीण ते पत्र घेऊन छापखान्यात निघाली नव्हती. माझा दादा निघालाय. तो उद्या स्वतःच्या सहीनं खोटं छापणार आणि त्याला ते ठाऊकच नाही. आयुष्यभर पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले त्यानं. नाही, हे नाही चालायचं. आज दुपारी चारला, तिकडे दादाची चहाची वेळ होऊन गेलेली असते, मी फोन लावला.

"वाचलंस?" दादा खुशीत होता.

"वाचलं. फार सुंदर लिहिलंयस. पण एक गोष्ट खोटी आहे त्यात."

"कुठची? अप्पा तालुक्याला चालत जात ती? अगो, लहानपणी बघितलंय मी. रोज नाही, पण जात."

"ती नाही. पासपोर्टची."

मग मीच सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी बरं वाटेल असं बोलून बसले असते. पासपोर्ट घरात होता. पहिल्या दिवशीही होता, अप्पा गेले त्या दिवशीही होता. विमान होतं. मी आले नाही.

मग दादा बोलायला लागला, शाळेत हजेरी घेताना बोलायचा तसा, सावकाश. "बर्फ संपला होता बायो. दुपारी रत्नागिरीला माणूस पाठवून दुसरा आणवला. वाडीत चूल पेटली नव्हती, पोरं बिस्किटं खाऊन होती. काका म्हणत होता, आटपा आता, किती विटंबना करणार? मी त्याच्या अंगावर धावून गेलो. सगळ्यांसमोर. म्हटलं, माझी बहीण येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत त्यानं हे एकदाही सांगितलं नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून.

"चुकले रे दादा," मी म्हटलं. "फार चुकले."

"गप. आत्ता काही बोलू नकोस."

तिकडे कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं, त्याला फोन ठेवायचाय आणि ठेववत नाहीये. मी हळूच विचारलं, "ठेवू का फोन?"

"ठेवू नकोस," दादा म्हणाला. "मला राग आलाय तुझा. तो उतरेपर्यंत तिथंच थांब."

मी थांबले.